गोजराबाईच्या दारातली म्हैस

गोजराबाई वाळंज ही एक नंबरची मानी बाई. घरातलं मीठ संपलं तर अळणी खाईल, पण शेजारणीच्या दारात वाटी घेऊन उभी राहायची नाही. मुळशीच्या धरणाच्या पाण्यात तिच्या सासऱ्याचं घर गेलं, जमीन गेली, आणि वरच्या अंगाला डोंगराच्या कडेनं जी दहा-बारा घरं उठून बसली त्यातलं शेवटचं घर हिचं. चंद्रा पाळण्यात असतानाच नवरा गेला. पदरात एक भाताचं खाचर, एक शेळी आणि ही पोर. पण कुणाच्या तोंडाकडे बघत बसली असेल तर शपथ! लावणीला लोकांच्या खाचरात राबली, लोकांनीही तिचं खाचर लावून दिलं, आणि दारात आलेला माणूस तिनं कधी उपाशी जाऊ दिला नाही. त्याचा तिला भारी अभिमान होता, आणि तो तिला शोभायचाही.

चंद्राला मात्र तिनं लांब धाडलं. शाळेतल्या मास्तरांनी पोरीची हुशारी हेरली आणि पुण्याच्या एका मुलींच्या आश्रमात तिची सोय लावली. पोर तिथं स्वयंपाकघरात काम करत करत शिकली आणि चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात बी. ए.ची परीक्षा देऊन घरी आली. आख्ख्या वाडीनं तोंडात बोटं घातली. आता हिला कुठंतरी मास्तरीण म्हणून चिकटवायची आणि चांगलंसं स्थळ बघायचं, असा गोजराबाईचा हिशेब. तर पोरीनं भलतंच काढलं.

"आये, मला अजून दोन वर्सं शिकायचंय. समाजकार्याची पदवी."

मायलेकी खाचरात, भाताची रोपं टाकायच्या जागेवर, राब भाजायला पालापाचोळा पसरत होत्या. गोजराबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली.

"समाजाचं काम शिकायला कालेज? अगं, या वाडीतली निम्मी बाळंतपणं मी केली, ती कुठल्या कालेजात शिकून गं?"

"तसं न्हाई आये. पोरं शाळेत का येत न्हाईत, औषध असून बाया दवाखान्यात का जात न्हाईत, धरणानं उठवलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे घरोघर जाऊन बघायचं, समजून घ्यायचं, मार्ग काढायचा. आपल्याकडं कुणी आलं हुतं का तसं?"

कुणीच आलं नव्हतं, हे गोजराबाईइतकं कुणाला ठाऊक असणार! ती पाचोळा पसरत म्हणाली, "बरं, शीक. पर खर्चाचं काय?"

मग चंद्रानं आईला मदतीचे प्रकार समजावून सांगितले. एक शिष्यवृत्ती, ती मार्कांवर. तिला वरचा नंबर लागतो, तेवढा आपला येईलसं दिसत नाही. दुसरी कर्जाऊ मदत, आज घ्यायची आणि नोकरी लागली की फेडायची.

"ती नगं," गोजराबाई तिथल्या तिथं म्हणाली.

"मग तिसरी ऱ्हायली. गरजेवरची. पुण्यात एक विद्यानिधी हाय. ज्याच्या घरी खरंच न्हाई, त्याची फी ते भरत्यात, वसतिगृहाचं बघत्यात. ते फेडायचं न्हाई. पर शिकून झाल्यावर दोन वर्सं खेड्यात काम करायचं, अशी अट हाय. अन् पोरगी अट पाळंल म्हणून गावातल्या दोघांनी जामीन ऱ्हायचं."

"फेडायचं न्हाई? मग ती भीक झाली की गं!"

"भीक कशी, आये?"

"फुकट घ्यायचं त्याला काय म्हंत्यात तुमच्या पुण्यात?"

चंद्रानं परोपरीनं सांगितलं, पण गोजराबाईच्या मनातली अढी काही जाईना. शेवटी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती वरमली. "बरं बाई, रडू नगंस. घे." चंद्राला दुसऱ्या दिवशी आश्रमातल्या कामावर परतायचं होतं. जाताना तिनं आईला बजावलं, "विद्यानिधीच्या आगाशेबाई घराची परिस्थिती बघायला येतील. त्या लिहितील त्यावर समदं हाय. आपलं घर हाय तसं दाखव." गोजराबाईनं मान हलवली. हलवायला काय जातंय!

पण चंद्रा गेली आणि तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. हाय तसं दाखव म्हणे! रिकाम्या घराला आजवर कुणी काय दिलं होतं? सोसायटीनं बियाणं दिलं ते बैलजोडीवाल्यांना. धरणाचा मोबदला मिळाला तो ज्यांचा सातबारा दांडगा त्यांना. आणि मुलीचं घर बघायला पाहुणे येतात तेव्हा तर वाडीची रीतच ठरलेली. शेजारपाजारच्यांनी आपली भांडी, आपली जनावरं त्या घरी आणून ठेवायची. ते मागणं नाहीच. आज तुझ्या पोरीची अब्रू, उद्या माझ्या पोरीची. शहाणी माणसं पुण्याहून एवढ्या लांब येणार, ती काय उघडी चूल बघून आपली पोर पसंत करणार? छे!

तिनं रंभाबाईच्या कानावर घातलं. रंभाबाई म्हणजे शेजारीण, मैत्रीण आणि वाडीचा नगारा. सांजच्याला साऱ्या वाडीला बातमी, आणि सगळी माणसं कामाला लागली.

आगाशेबाई यायच्या दिवशी गोजराबाईचं घर ओळखू येत नव्हतं. फळीवर कुणाकुणाचे पितळी हंडे, तांबे, परात झळकत होती. दाराशी रंभाबाईची दुभती म्हैस आणि वाडीतल्या म्हाताऱ्या कोंडिबातात्यांची बैलजोडी. पलीकडच्या हैबतरावांनी आपल्या घरातली एकुलती एक खुर्ची डोक्यावरून आणून ठेवली. रिकाम्या कणगीचं काय करावं, हा प्रश्न कोंडिबातात्यांनीच सोडवला. खाली भाताचं तूस भरलं, वर आपल्या घरचं पाटीभर भात पसरलं. "कोण हात घालून बघतंय!" म्हातारा मिशीत हसला.

एकच गोष्ट गोजराबाईनं कुणाकडून घेतली नाही. पाहुणीच्या ताटातला भात. तो आपल्याच घरचा पाहिजे. घरात उरलं होतं ते फक्त बियाणाचं आंबेमोहोर. पेरणी तोंडावर आलेली. तिनं क्षणभर मडक्याकडं पाहिलं आणि सरळ उखळात ओतलं.

आगाशेबाई पौडला यष्टीतून उतरून, मिळालेल्या बैलगाडीनं आणि मग पायी, घामाघूम होऊन आल्या. किडकिडीत, चष्मा, हातात छत्री. तोंडावर पाणी मारून खुर्चीत टेकल्या. जेवायला आंबेमोहोर भात, आमटी, वर रंभाबाईकडचं तूप, करवंदाचं लोणचं. बाई दोनदा भात मागून जेवल्या. मग विचारपूस सुरू झाली.

"म्हैस तुमचीच का हो?"

"व्हय, आमचीच." दाराआड रंभाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"आणि बैल?"

"ते बी."

"भात वर्षभर पुरतं?"

"पुरून उरतं," गोजराबाई छाती काढून म्हणाली. आपण केवढी बाजी मारतोय, असं तिला वाटत होतं.

बाईंनी लिहून घेतलं, चष्मा पुसला आणि समाधानानं म्हणाल्या, "फार बरं वाटलं बघा. एकट्या बाईनं इतकं उभं केलंत! खरं सांगू, मी जरा धास्तावतच आले होते. आमच्याकडे पैसे थोडे आणि मुली पुष्कळ. तुमच्या चंद्राला आमची गरज नाही, तेव्हा तिची जागा दुसरीला देता येईल. तुमच्या घरची मदत तिला पुरेल."

गोजराबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर सारी वाडी कौतुकानं उभी. या सगळ्यांच्या समोर मी खोटी, माझं घर उघडं, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? बाईंनी छत्री उचलली, नमस्कार केला आणि त्या पायवाटेला लागल्या.

"झालं का गं काम?" रंभाबाई धावत आली. "लई खूश दिसली बाई!"

गोजराबाई उंबऱ्यात खांबासारखी उभी होती. छत्री करवंदीच्या जाळीपलीकडे दिसेनाशी झाली आणि तिला खाचरात डोळे पुसणारी चंद्रा दिसली. त्यासरशी ती धावत सुटली. अनवाणी, डोईवरचा पदर खांद्यावर, मागं न बघता.

"बाई! ओ बाई! थांबा!"

आगाशेबाई दचकून वळल्या. गोजराबाईला धाप लागली होती.

"म्हैस माझी न्हाई. बैल माझं न्हाईत. माझं कायबी न्हाई. चला माघारी, डोळ्यांनी बघा."

बाईंच्या कपाळावर आठी चढली, पण त्या परत फिरल्या. अंगणात येऊन गोजराबाई वाडीसमोर उभी राहिली.

"तुमी माझी अब्रू राखायला आलात, तुमचं उपकार हायेत. पर आता समद्यांनी आपापलं उचला. ह्या बाईंच्या डोळ्यांदेखत. कायबी ठेवू नगा."

कुणाला काही उमजेना. मग कोंडिबातात्या पुढं झाले आणि बैल सोडून घेतले. हैबतरावांनी खुर्ची उचलली. फळीवरचे हंडे एकामागून एक खाली आले. कणगीतलं वरचं भात काढलं तसं खालचं तूस उघडं पडलं, आणि तात्यांनी ओशाळून मान खाली घातली. सगळ्यांत शेवटी रंभाबाईनं म्हशीचं दावं सोडलं. ती डोळे पुसत होती.

घरात काय राहिलं? एक तांब्या, दोन जर्मनच्या थाळ्या, एक गोधडी आणि कोपऱ्यात शेळी. आगाशेबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत," त्या कडक आवाजात म्हणाल्या.

"सांगितलं."

"का?"

"रिकाम्या हाताच्या माणसाला कुणी जवळ करत न्हाई, बाई. आमाला तसंच म्हाईत."

बाईंची नजर चुलीकडं गेली. मग एकदम म्हणाल्या, "आणि मी जेवले, तो भात कुणाचा?"

"त्यो माझा," गोजराबाई म्हणाली. "तेवढा माझा."

"बियाणाचा हुता त्यो," रंभाबाईला राहवेना. "पेरायला कायबी ठिवलं न्हाई हिनं!"

गोजराबाईनं तिच्याकडं डोळे वटारले, पण बोललं गेलं ते गेलं. आगाशेबाई मटकन उंबऱ्यावरच बसल्या, खुर्ची गेलीच होती. त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं आणि नव्यानं लिहिलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "मदत मिळेल. मी भांडेन त्यासाठी. पण एक अडचण आहे. पोर शिकून खेड्यात परत येईल, म्हणून दोन माणसं जामीन हवीत. शिकलेली पोरं परत येत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. तुमच्या पाठीशी कोण उभं राहील?"

हे गोजराबाईनं कुणालाच विचारलं नव्हतं. आत्ताच ज्यांना आपापलं उचला म्हणाली, त्यांनाच आता काय मागायचं!

"कोण म्हंजे?" डोक्यावरची खुर्ची खाली ठेवत हैबतराव म्हणाले. "आमी काय मेलोय व्हय?"

"माझं नाव घाला," कोंडिबातात्या बैलांचे कासरे धरूनच पुढं आले.

"दोनच का गं बाई, आमी समदी हाय की!" रंभाबाई म्हशीसकट अंगणात घुसली, आणि तिच्यामागून हंडे, तांबे, परात काखेत घेतलेली सारी वाडी. आगाशेबाईंना हसू आवरेना. शेवटी त्यांनी सगळ्यांची नावं घातली आणि सगळ्यांचे अंगठे घेतले.

गोजराबाई मात्र त्या गर्दीत उभी राहून ढसाढसा रडली, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. पेरणीला बियाणं घरोघरून आलं. या खेपेला तिनं ते निमूट घेतलं.

दोन वर्षांनी चंद्रा पदवी घेऊन आली. मुळशीच्याच गावांमधून काम करायचं ठरलं होतं. अंगणात वाडी जमली, रंभाबाईनं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पदवीचा कागद या हातातून त्या हातात फिरून गोजराबाईकडे आला. तिनं तो पदरानं पुसला, फळीवर ठेवला आणि कोपऱ्यातला खराटा पोरीच्या हातात दिला.

"जा, रंभाचा गोठा झाडून ये. मग तात्यांच्या बैलांना पाणी दाव."

"आत्ता, आये?" चंद्रा हसली. "आत्ताच तर आले मी."

"मग कवा? तू म्हणली हुतीस, भीक कशी म्हणून. मला तवा कळलं न्हाई. आपण एकमेकांच्या खाचरात लावणीला जातो, त्याला कुणी भीक म्हंतं का? तसंच हाय हे. तुझं खाचर लोकांनी लावून दिलं. आता तुझा नंबर."

चंद्रानं लुगड्याचा काचा मारला आणि निघाली. रंभाबाई कासावीस होऊन ओरडली, "अगं गोजरे, पदवीवाल्या पोरीला शेण काय काढायला लावतीस!"

"काढू दे," गोजराबाई म्हणाली. "तिची फी हाय ती."