पोळ्यात सांगितलेली तक्रार

आमच्याकडची काळी माती कापसाला सोनं, पण पायाला चिकटली की काही केल्या सुटत नाही. माझं माहेर पुसदचं, तेव्हा चिखल मी पाहिलेलाच नव्हता असं नाही. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी या तालुक्याच्या गावी आले आणि आमच्या गल्लीत जो पाहिला, त्याला नुसता चिखल म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. शेजाऱ्यांनी पाय ठेवायला दगड टाकले, ते त्यानं गिळले. वर आणखी टाकले, तेही गिळले. गाडी आसापर्यंत रुतायची, म्हणून शेतकरी ती गल्लीच्या तोंडाशीच सोडून नुसते बैल घरी आणत. चिखल उपसून मुरूम टाकायचं काम नगरपालिकेचं होतं, असं नुसतं ऐकून होतो.

आम्हा तरण्याताठ्यांचं ठीक होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं की झालं. खरी पंचाईत माझ्या सासूबाईंची होती. आदल्या वर्षी त्याच चिखलात घसरून त्यांच्या कमरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून हातात काठी. आणि बरोबर समोरच्या घरात त्यांची जिवाची मैत्रीण. दोघी बाभुळगावकडच्या, एकाच गावच्या लेकी, एकाच गल्लीत दिलेल्या. त्या पावसाळ्यात मैत्रिणीनं अंथरूण धरलं. ती खिडकीशी पडल्या पडल्या ओरडायची, “काय व, जेवली का?” इकडून सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, “जेवली व माय! तू?” दोघींच्या संसारातलं सगळं गुपित गल्लीला पाठ झालं होतं.

एकदा मी म्हटलं, “आत्याबाई, कोणीतरी उचलून नेतील की पलीकडे.” तर माझ्यावरच डाफरल्या, “जित्तेपनी मी कोनाच्या खांद्यावर जानार नाही! रस्ता झाला का जाईन मी माह्या पायानं.”

मग रस्ता करून घेणं माझ्याकडे आलं. मी तशी तोंडाची फटकळ. पदर खोचला आणि गेले नगरपालिकेत. कारकून पान चघळत म्हणाला, “पावसात मुरूम टाकला तर वाहून जाते, बाई. पाऊस उघडू द्या.” श्रावणात चांगली उघाड पडली, तशी मी परत दारात हजर. तर म्हणे, “आता तं वाळूनच राह्यला. कायले काढता?”

“म्हणजे ओला असला तर निघत नाही आणि वाळला तर काढायची गरज नाही,” मी म्हटलं. “मग तुम्ही इथे माशा मारायला बसता का?”

“गरम नका होऊ वहिनी. साहेब पाहून जातील.”

साहेब आले, खोटं कशाला बोलू! गल्लीच्या तोंडाशी पानठेल्याच्या फळीवर चढले, विजार दोन बोटं वर धरली, दुरून पाहिलं, म्हणाले, “हो, आहे खरा.” पान खाल्लं आणि गेले. माझे यजमान म्हणाले, “पालथ्या घड्यावर पाणी ओतून राह्यली तू.” पण माझं डोकं जे तापलं ते तापलंच.

पोळा जवळ आला होता, पाऊस परत कोसळून चिखल पुन्हा होता तसाच झाला होता. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहतात, तेव्हा आमच्याकडे गडी मोठमोठ्यानं झडत्या म्हणतात. यमक जुळवून कोणाचीही खेचावी, त्या दिवशी पाटील काय नि सावकार काय, कोणी रागवायचं नाही. मी सासूबाईंच्या मैत्रिणीच्या लेकाला गाठलं. माणूस धिप्पाड, आवाज दणदणीत. त्याला म्हटलं, “भावजी, मी जुळवते, तुम्ही म्हणा.” नगरपालिकेचे अध्यक्ष तोरणाशी पाहुणे म्हणून बसणारच होते.

आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या होतो. भावजींनी बैल पुढे घेतले आणि छाती फुगवून सुरू केलं:

पाऊस आला, पूर आला,
आमच्या गल्लीत बैल बुडाला,
शेपूट धरून वढला त्याले,
त्याच्याखाली मेंबर निघाला!
मतं मागाले आलता बिचारा,
तवाचा रुतला, तिथंच मुरला!
हर बोला, हर हर महादेव!

काय हशा पिकला म्हणून सांगू! आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, तर अध्यक्ष. डोळे पुसत म्हणाले, “वा गा वा! पुन्हा म्हन!” भावजींनी पुन्हा म्हटली. अध्यक्षांनी नारळ दिला, पाठ थोपटली, आणि बैल पुढे सरकले. झालं! रस्त्याचं नाव कोणी काढलं नाही. अस्सा संताप आला मला! इतकं मरमर करून जुळवली आणि मेल्यांची नुसती करमणूक झाली.

संध्याकाळी भावजी बैल घेऊन आमच्या दारी आले. सासूबाईंनी बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. भावजींच्या तोंडावर तोरणाखालचा रंग राहिला नव्हता. खाली मान घालून म्हणाले, “मावशी, माय दोन दिसापासून घास घेऊन नाही राह्यली. तुमचंच नाव घेते.” तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दोन दिवसांत समोरून हाक आलीच नव्हती.

सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली. “रस्त्याची वाट पाहत बसलो तं झालं मंग,” त्या म्हणाल्या. “ने मले.”

“बैलावर नाही बसवत मावशी,” तो म्हणाला. “आज त्याइले सुट्टी. मले कुठं हाय सुट्टी? बसा पाठकुळी.”

आणि डोईवरचा पदर दातांत धरून, एका हातात पुरणपोळीचं ताट, अशा माझ्या करारी सासूबाई त्या पहाडासारख्या माणसाच्या पाठीवर बसून गुडघाभर चिखलातून पलीकडे गेल्या. गल्लीतले पोट्टे “हर हर महादेव” ओरडले. मी मागून जाऊन दाराशी उभी राहिले. मैत्रीण क्षीण आवाजात म्हणाली, “लय उशीर केला व.” सासूबाईंनी पुरणपोळी दुधात कुस्करून तिच्या तोंडात घास घातला, आणि तिनं तो गिळला. दोघी हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. मला मात्र रडूच आलं.

गणपती उठले आणि समोरची म्हातारी गेली. घराणं मानाचं, म्हणून अध्यक्ष स्वतः दुःखाला बसायला आले. गल्लीच्या मधोमध त्यांचा पाय रुतला, पंपशू आत राहिला, आणि ते एका पायानं लंगडत बाहेर गेले. आठवडा उलटायच्या आत पालिकेची माणसं आली, चिखल उपसला, मुरूम टाकून वरून चोपला.

मी आनंदानं सासूबाईंना हाताला धरून दारात आणलं. त्यांनी काठीनं मुरूम दाबून पाहिला. समोरच्या खिडकीकडे बघत राहिल्या.

“रस्ता चांगला केला मेल्याइनं,” त्या म्हणाल्या. “आता मी जाऊ कोनाकडं?”