सापगावच्या काकांची यादी

माझी नोकरी वाचवली ती सापगावच्या काकांनी, हे आधी सांगतो. आणि माणसांवर इतक्या मायेनं अविश्वास दाखवणारा माणूस शहापूर-मुरबाडात दुसरा नाही, हेही. मी परभणीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. टोकावड्याच्या भातगिरणीत पोत्यांची वजनं कंप्युटरवर चढवतो. त्या नोंदी दूर कुठल्याशा क्लाउडवर राहतात आणि दारावर फायरवॉल असते. ज्या नेटचा नंबर यादीत, त्यालाच आत सोडते. यादी काकांकडे; गिरणीचं नेटचं काम ते सापगावातून घरबसल्या बघायचे. लाइट गेली की आमच्या नेटचा नंबर बदलायचा आणि मी काकांना फोन लावायचा. दिवसातून चारदा आवाज ऐकूनही काका विचारणारच: कोण, कुठून, कशासाठी, किती वेळ? खुद्द मालकांनाही सोडलं नाही. मालक म्हणाले, अहो, गिरणी माझी आहे. काका म्हणाले, ते खरं, पण किती वेळ? काका म्हशाच्या जत्रेला निघाले तेव्हा स्वतःचाच नंबर काढून टाकला. घरात माणूस नाही तर दार उघडं कशाला, म्हणे.

दिवाळीत गिरणी बंद, सगळे आपापल्या घरी, मी खोलीत एकटा. दोन दिवस तोंडातून शब्द निघाला नव्हता. शेवटी काकांना फोन करून म्हणालो, नंबर बदललाय. बदलला नव्हता. पलीकडं की-बोर्डची टकटक झाली; नंबर तोच आहे हे काकांना यादीत दिसलंच असावं. मग म्हणाले, "तपासाया टाइम लागंल रे. तवर बोलत राहा. फराळ काय केलास?" अर्धा तास मी आईच्या करंज्यांबद्दल बोलत होतो.

पुढं ऐन भाताच्या दिवसांत काकांना डोळे दाखवायला जायचं होतं, म्हणून यादी एका दिवसापुरती माझ्या हाती आली. लाइट सात वेळा गेली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, शेतकरी तापलेले. मी यादीत नुसते शून्य टाकले, म्हणजे साऱ्या जगाला दार मोकळं. काम भरभर झालं. सकाळी पाहतो तर कुणी परका शिरून नोंदी पुसून गेलेला. काकांनी वेगळी प्रत ठेवली होती म्हणून निभावलं. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं? नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू? एसटीतून नुकतेच उतरलेले काका पुढं झाले.

"यादी मी दिली, शिकवलं नाय. बोलायचं तं मला बोला."

मालकांनी यादी कल्याणच्या एका कंपनीकडं दिली. माझी नोकरी राहिली, काकांचं काम गेलं.

आता रविवारी मी सापगावला जातो. त्या दिवसाचा विषय काका काढू देत नाहीत, चहा करतात. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय म्हणालो, तर म्हणाले, "गणित कच्चं हाय तुझं. दर रविवारी ये." शिकून पुढं काय जमेल, ठाऊक नाही. पण काकांचं हे ऋण मी एक दिवस फेडीन.