पट्टी गुंड्याच्या आत

माझ्या मावशीला सगळा बाजार सत्तूरमावशी म्हणायचा, पण तिच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. बाजाराच्या मागच्या अंगाला तिचं कोंबडीचं दुकान होतं. ती कापायची, मी साफ करून पिशवीत भरायची. मान, पंख, तंगड्या, छातीचे दोन तुकडे. गिऱ्हाईक सुट्टे शोधेपर्यंत सगळं झालेलं असायचं. राग लोकांच्या नाकावर असतो, हिचा थेट हातात होता. एका हमालानं माझ्या कमरेला हात लावला, तेव्हा तिनं त्याचं डोकं बर्फाच्या पेटीत दाबून धरलं. तो पाय झाडत होता आणि ही पुढच्या बाईला विचारत होती, "तुकडे बारीक करू की मोठे?" नवऱ्यानं एकदा मारलं, तर तिनं त्याचे पुढचे दात पाडले. तो गेला तो गेलाच. हे किस्से आम्ही हसत सांगायचो. मला अजूनही हसू येतं. तिच्या मुलीला मात्र कधीच आलं नाही.

मुलीला घरात चिमणी म्हणत. आईच्या हातचा जेवढा मार चिमणीनं खाल्ला, तेवढा अख्ख्या बाजारानं मिळून खाल्ला नसेल. दूध सांडलं म्हणून, उलट उत्तर दिलं म्हणून, उत्तरच दिलं नाही म्हणून. कॉलेजात असताना ती एकदा उशिरा घरी आली आणि मावशीनं सत्तूर फेकला. तो तिच्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतला. चिमणीनं तो उपसून काढला, मोरीत धुतला, जागेवर ठेवला आणि घर सोडलं. चौकटीतली खाच मावशीनं कधी बुजवली नाही. मी एकदा लांबी भरायला गेले तर माझ्याच कानाखाली बसली.

बरीच वर्षं गेली. चिमणी बालवाडीत शिकवायला लागली, तिचं लग्न झालं, मुलगा झाला. एका सकाळी त्याला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. आत यायच्या आधी तिनं त्या खाचेवर बोट फिरवलं.

"आई, एकच अट आहे. कुणावरही हात उचललास, तर मी आणि बाळ तुला परत दिसणार नाही."

"बरं," मावशी म्हणाली. मग ती मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसली.

मावशीला विणकाम यायचं हे कुणाला खरं वाटायचं नाही. दुकान बंद केल्यावर ती सुया घेऊन बसायची. तेवढा वेळ तिच्या जवळ जायला भीती वाटत नसे. बाळासाठी तिनं पिस्ता रंगाचं ब्लँकेट विणायला घेतलं. रंग चिमणीनं निवडला होता. अट घातल्यापासून मावशीचे हात शिवशिवायचे आणि ते सगळं त्या ब्लँकेटात जायचं. कुणी शिवी दिली की ती दात आवळून घरी यायची आणि चार ओळी जास्त विणायची. टाके इतके घट्ट की ब्लँकेट उभं राहील. वर म्हणायची, "बाळ थंडीनं मरणार नाही, वजनानं मेलं तर माहीत नाही."

ब्लँकेट अर्ध्यावर आलं आणि लोकर संपली. एका रंगाची लोकरसुद्धा दर खेपेला नव्यानं रंगवतात, आणि खेप बदलली की छटा बदलते. म्हणून मावशीनं हस्तकलेच्या दुकानात बजावून विचारलं, "मागचीच खेप ना?" दुकानदार म्हणाला, "अगदी तीच." नंबर न बघताच ती तिथे स्टुलावर बसून लडी गुंडाळायला लागली. बाजारातल्या आम्ही सगळ्याजणी हेच करतो. लडीवरची कागदी पट्टी काढायची, तिची घडी घालायची आणि त्या घडीवरच गुंडा बांधायचा. मधे काहीतरी कडक लागतंच, आणि खेपेचा नंबर असलेली पट्टी हरवतही नाही. घरी उजेडात तिनं पहिली ओळ विणली तर नवी लोकर स्पष्ट पिवळी दिसली. भिंतीला ओल यावी तसा पट्टा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी दुकानात गेलो. चिमणी मुद्दाम आली होती. बाळ माझ्याकडे होतं. मावशीनं आत शिरण्याआधीच दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले. दुकानदार काचेच्या काउंटरमागे मण्यांच्या बरण्या पुसत होता.

"लोकर बदलून द्या. खेप वेगळी आहे," मावशी म्हणाली. इतका मऊ आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "पट्टीशिवाय माल परत नाही. पट्टी कुठाय?"

"गुंड्याच्या आत."

"आत? तिथे कशी दिसणार, बाई?"

"उकलून दाखवते."

ती तिथेच उकलायला लागली. एकेक करून सगळे गुंडे. काउंटरवर लोकरीचा ढीग झाला, मागची गिऱ्हाइकं कुरकुरली, आणि मावशीनं चुरगळलेल्या पट्ट्या त्याच्यापुढे सरळ करून मांडल्या. जुन्या पट्टीपेक्षा सगळ्यांवर खेप वेगळीच होती. मावशीचं बरोबर होतं. मला वाटलं, सुटलो.

"आता तर हा गुंता झाला," दुकानदार म्हणाला. "गुंता मुळीच घेत नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं की तीच खेप आहे."

त्यानं काखा वर केल्या. "बघून घेणं गिऱ्हाइकाचं काम." मावशीच्या मानेची शीर उडत होती. तिनं हात परत खिशात घातले आणि ती दाराकडे वळली. खरंच वळली. तेवढ्यात त्यानं थोडी लोकर उचलून नाकाशी नेली. "आणि याला कोंबडीच्या आतड्यांचा वास येतोय. तुमचे हात लागलेला माल मी माणसांना विकू?"

काउंटरवर कापड मोजायचा लोखंडी गज होता. तो चिमणीनं उचलला.

पहिल्या फटक्यात काउंटरची काच फुटली. दुसऱ्यात बरण्या गेल्या आणि मणी सगळ्या दुकानभर उडाले. दुकानदार खाली वाकला तर तिनं गज फिरवून त्याच्या कानावर हाणला. कान वरून फाटला. तो ओरडला नाही, नुसता काचांवर बसला, आणि बालवाडीत मुलांना गाणी शिकवणाऱ्या त्या मुलीनं गज दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डोळे मोठे झाले होते आणि ओठ थोडे उघडे. तो चेहरा मी ओळखत होते. बर्फाच्या पेटीपाशी पाहिला होता.

मावशीनं मधे हात घातला. मनगट मोडल्याचा आवाज मला कळला, दिवसभर तोच ऐकते मी. तरी चिमणी थांबेना. गज पुन्हा वर गेला तेव्हा मावशीनं तिला अंगानं भिंतीवर दाबून धरलं. खांद्यावर, पाठीवर फटके बसत होते. मावशी तिच्या कानात एकच म्हणत होती, "सोड. सोड, बाळ. सोड." एका हातानं ती तिला थोपटत होती. हे सगळ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं. बाळ माझ्या खांद्याशी किंचाळत होतं.

दवाखान्यात पोलीस आला. पलीकडच्या खाटेवर कान शिवून घेत दुकानदार सांगत होता, "मुलीनं मारलं, त्या मुलीनं." पोलीस बाजारातला जुना माणूस. त्यानं अंग चोरून बसलेल्या चिमणीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"तुम्ही काही सुधारणार नाही," तो म्हणाला.

"नाही," मावशी म्हणाली.

चिमणीनं तोंड उघडलं, तर मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

पोलीस मावशीचंच नाव लिहून घेऊन गेला. मावशीच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मूठ आता पुरती वळणार नाही. म्हणजे सत्तूरही नाही आणि सुयाही नाहीत.

"आई," चिमणी म्हणाली, "मला मारताना तुला बरं वाटायचं?"

मी नाही म्हण, नाही म्हण, असं मनात म्हणत होते.

"पहिल्या फटक्याला," मावशी म्हणाली. "मग थांबता यायचं नाही."

चिमणीनं मान हलवली. बाळ रडायला लागलं तेव्हा ती जागची उठली नाही. हात मांडीखाली घालून बसली आणि मला म्हणाली, "तूच धर त्याला. मी नको."

मावशीनं बाळ माझ्याकडून घेतलं, एका हातानं, प्लास्टरवर तोलून. चिमणीपाशी गेली आणि तिच्या मांडीत ठेवलं. चिमणीला हात बाहेर काढावेच लागले.

"अट आठवते ना?" मावशी म्हणाली. "आता ती तुलाही. याच्यावर हात उचललास, तर याला मी घेऊन जाईन, आणि आम्ही तुला परत दिसणार नाही."

"बरं," चिमणी म्हणाली.