नोकरीच्या पत्रालाही साधू, साधू, साधू

मित्रांनो, आज संध्याकाळचं कुणाला सांगावं कळेना, म्हणून इथं लिहितेय.

तेलंगणातल्या वांकिडीजवळच्या आमच्या गावात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज बुद्धविहारात ग्रंथ वाचतात. वाचणारी मी. ऐकायला माझी आई आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या. वाचन संपलं की सगळ्या हात जोडून तीनदा "साधू", म्हणजे "उत्तम", म्हणतात.

आज ग्रंथ मिटला तशी आई म्हणाली, "तुह्या नोकरीचं पत्रबी वाचून दाखव ना वं."

हैदराबादच्या मोठ्या कंपनीचं इंग्रजी पत्र. मी मराठीत सांगत गेले. कामाला ठरलेली वेळ नाही. रविवारीही बोलावतील. पहिले सहा महिने रजा नाही. इथं मी मुद्दाम थांबले. वाटलं, आता तरी कुणी काही बोलेल. सगळ्या ग्रंथ ऐकतात तशाच ऐकत बसल्या. मग शेवटपर्यंत वाचलं.

सगळ्यांनी हात जोडले. "साधू, साधू, साधू."

आईनंही. डोळे मिटून.

शेजारची आजी म्हणाली, "लय चांगलं लिवलं हाय वं पोरी."

उद्या कंपनीला उत्तर द्यायचंय. तुम्हीही अभिनंदन लिहाल, माहीत आहे. पण त्याआधी कुणीतरी एकदा "नको जाऊ" म्हणाल का?