सीताफळ चाचा आणि एका गाण्याच्या दोन फायली

थांबा, बाकी सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच सांगायचंय. दुपारी सीताफळ चाचांचा टेम्पो गेला आणि तेव्हापासून मी जिन्यावर बसून टाइप करतेय. त्यात काल आपल्या ग्रुपवर एकीनं विचारलंय, की पैसे कमी आहेत, घरीच गाणं रेकॉर्ड करायचंय, सुरुवात कशी करू? उत्तर लिहायला घेतलं आणि लक्षात आलं, की माझ्याकडचं प्रत्येक उत्तर चाचांचं आहे. माझं स्वतःचं असं त्यात एकच आहे, मी त्यांच्याशी जे केलं ते.

सीताफळ चाचा हे नाव त्यांना आमच्या छावणी भागातल्या लोकांनी दिलेलं. चाळीस वर्षं लग्नं, सप्ताह, उरूस, गणपती, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडं लाउडस्पीकर त्यांचा. आणि या माणसानं एकदाही 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हटलं नाही. माइक तोंडाशी धरायचे आणि एकदम गंभीर आवाजात म्हणायचे, "सीताफळ. सोललेलं सीताफळ." अख्खा मांडव हसायचा. मी एकदा विचारलं, हेच का? तर म्हणाले, "स नं शिट्टी कळते, फ नं हवा कळते. आणि ळ माझ्यासाठी. आमच्या गल्लीत सगळे उर्दूवाले, असा ळ कुणाला येत नै." त्यांना त्यांच्या ळचा लई अभिमान होता.

मी मूळची कन्नड तालुक्यातली. चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरला लागले आणि चाचांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. खाली त्यांचं दुकान, भोंगे, वायरींची भेंडोळी, मागं त्यांचं घर, वर मी. गाणी डोक्यात कधीपासूनची होती. व्हिडिओ बघून बघून मी एक यादी केली होती, अमुक माइक, तमुक हेडफोन, भिंतीला लावायचा स्पंज. ती घेऊन खाली गेले आणि विचारलं, चाचा, यातलं काही भाड्यानं मिळेल का? त्यांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली. "यात खोली कुठंय?" म्हणाले.

मग वर आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टण्ण झालं. "बघ, खोलीच गातीय. तू कधी गाणार?" तिथून सुरू झालं सगळं. भांड्यांच्या मांडणीतल्या ताटल्यांमध्ये त्यांनी रद्दी कोंबली, कारण मी वरचा सूर लावला की त्या वाजायच्या. चाचींच्या दोन जाड रजया खिडकीवर टांगल्या. कपड्यांचं कपाट उघडलं आणि मला म्हणाले, यात तोंड घालून गा, कपडे आवाज पिऊन टाकतात. चाची दारातून बघत होत्या. "पोरगी कपाटाला गाणं ऐकवतीय. उद्या नवऱ्याला काय ऐकवणार?"

माइक त्यांनी दुकानातला दिला, जाळीला पोचा आलेला. "यात चार आमदार बोललेत, तरी बिघडला नै." भरतकामाच्या रिंगेला चाचींची जुनी ओढणी ताणून बांधली आणि ती माइकसमोर उभी केली, म्हणजे फ ची हवा माइकवर आपटत नाही. एक छोटं सेकंडहँड साउंड कार्ड, मैत्रिणीचा जुना लॅपटॉप, फुकटचं सॉफ्टवेअर. झालं. आणि पहिला धडा काय, तर काहीच न गाता एक मिनिट रेकॉर्ड कर. मी केलं. ऐकलं तर पंखा, फ्रिज, रस्त्यावरची रिक्षा, माझा स्वतःचा श्वास. "हे सगळे तुझ्या गाण्यात फुकट येऊन बसणार हैत. कुणाला बाहेर काढायचं ते आधी ठरव."

हे सगळं त्या ग्रुपवालीला लिहायचं होतं. खरंच, एवढंच लागतं. पण पुढचंही सांगायला हवं.

पहिलं गाणं मी आतेबहिणीच्या हळदीसाठी केलं. शब्द माझे, चाल माझी, ढोलकी मोबाइलवरची. गाऊन झालं आणि चाचा वर आले, बादली पालथी घालून तिच्यावर बसले, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. मी लॅपटॉप धरून. "स कुठंय बेटा? स दे." मी ट्रेबल, म्हणजे आवाजाची बारीक धार, वाढवलं. "अजून." वाढवलं. "हौ, अजून जरासा." शेवटी ते खूश झाले, मान डोलावली, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. आणि माझ्या कानात सुई गेली. प्रत्येक स, प्रत्येक च, टाचणीसारखा. मला आधी वाटलं, माझेच कान कच्चे आहेत. त्यांचा अनुभव चाळीस वर्षांचा, माझा चार महिन्यांचा.

नंतर मी ते साध्या स्पीकरवर लावलं. चाचा गिऱ्हाइकाशी बोलायला खाली गेलेले. चाची जिन्यात होत्या, त्यांनी पटकन ओढणी कानावर ओढली. आमची नजरानजर झाली. त्या दोन पायऱ्या वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, दोन वर्षं झाली, कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही. "मोबाइल वाजला तरी मी सांगते तेव्हा कळतं." मी विचारलं, मग त्यांना सांगत का नाही? "त्यांचे कान म्हणजेच दुकान हाय, बेटा. मी कोणत्या तोंडानं बोलू?"

म्हणजे मला कळलं होतं. हे लक्षात ठेवा. मला पहिल्याच गाण्याला कळलं होतं.

मी काय केलं? मी शहाणपणा केला. चाचांनी केलेलं गाणं तसंच ठेवलं आणि दुसरी फाइल करून तिचं ट्रेबल खाली आणलं. ती हळदीला पाठवली. बायकांनी पुन्हा पुन्हा लावली, मामेभावानं विचारलं कोणत्या स्टुडिओत केलं, मी तोंडभरून चाचांचं नाव सांगितलं. एकदोघांनी त्यांना फोनही केला. संध्याकाळी चाचा दुकानाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते. मला बघून म्हणाले, "कान अजून जवान हैत माझे, काय?" मी म्हणाले, हो चाचा, तुमच्यामुळंच तर झालं. किती सोपं होतं ते म्हणणं. त्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं मी केवढं पुण्याचं काम केलं.

मग अशी चार गाणी झाली. प्रत्येकाच्या दोन फायली. एक त्यांना ऐकवायची, एक लोकांना. गोंधळ नको म्हणून मी नावं दिली होती. एकीचं नाव 'चाचा'. दुसरीचं नाव 'खरं'.

तोपर्यंत त्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या. लोक म्हणायचे, चाचांचा साउंड कानात घुसतो. चाचा म्हणायचे, नवे स्पीकर फालतू, डीजेवाल्यांनी लोकांचे कान खराब केलेत. आणि वर पुरावा म्हणून माझी गाणी. विचारा त्या पोरीला, म्हणायचे.

आमच्या गावात, कन्नडजवळ, सप्ताह होता. अण्णा म्हणजे माझे वडील सप्ताहाच्या कमिटीत. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, हजारभर माणूस. अण्णा म्हणाले, कुणी चांगला साउंडवाला आहे का तुझ्याकडं? मी म्हणाले, आमचे चाचा. मीच म्हणाले. मला तेव्हा खरोखर वाटलं, की मोकळ्या मैदानात चालून जाईल.

सकाळी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून टेम्पोत बसले. मांडवात पोचल्यावर सीताफळ म्हणाले, पोरं हसली, महाराजही हसले. कीर्तन सुरू झालं आणि दहा मिनिटांत माइकनं शिट्टी धरली. बारीक, लांब, थांबेचना. आधी तान्ही पोरं रडायला लागली. मग बायकांनी पदर कानावर घेतले. पुढं बसलेल्या एका माणसानं चाचांकडं बघून दोन्ही हात कानांना लावले, की अहो, हे बघा. चाचांनी मान हलवली. त्यांना वाटलं, त्याला ऐकू येत नाही. त्यांनी आवाज वाढवला.

मी बायकांमध्ये बसले होते, मधे सगळी माणसं. उठून धावले, पण पोचेपर्यंत त्यांनी अजून एकदा वाढवला होता, कारण आता दहाजण कानाला हात लावून त्यांच्याकडं बघत होते. आणि चाचा हसत होते, अंगठा दाखवत होते, झालं झालं म्हणून. शेवटी महाराजांनी माइक खाली ठेवला आणि तसेच, मोकळ्या गळ्यानं पुढं सुरू केलं. कुणीतरी वायर ओढली. एक जण मोठ्यानं बोलला, "चाचा, कानात बोळे घालून आलात काय?" लोक हसले. चाचाही हसले. मग त्यांनी आजूबाजूचे चेहरे बघितले आणि ते हसणं हळूहळू कमी होत गेलं. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी खाली जमिनीकडं.

परत येताना टेम्पोत ते पैठण रस्त्याच्या जुन्या एका लग्नाचं काहीतरी सांगत राहिले. मधेच म्हणाले, अँप्लिफायर गरम झाला असणार. थोड्या वेळानं पुन्हा, "कान खराब असते तर तुझे गाणे असे झाले असते का?" बघा, तेव्हा सांगता आलं असतं. टेम्पोत आम्ही तिघंच, ड्रायव्हर, ते आणि मी. मी म्हणाले, हो चाचा, अँप्लिफायरच.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीला गेले. खोलीची एक किल्ली चाचींकडं असायची. चाचांना धीर हवा होता, म्हणून ते माझं हळदीचं गाणं ऐकायला वर गेले. लॅपटॉप उघडायला मीच शिकवलं होतं.

कंपनीच्या बसमधून उतरून वर आले तर ते त्याच बादलीवर बसलेले, हेडफोन गळ्यात. रागावलेले दिसत नव्हते. परीक्षेत प्रश्न न कळलेल्या मुलासारखे दिसत होते.

"बेटा, गाण्याच्या दोन फायली हैत. एकीला माझं नाव हाय. दुसरीचं नाव खरं."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"दोन्ही लावल्या. सात-आठ वेळा लावल्या. मला एकच गाणं ऐकू येतंय."

मग म्हणाले, फरक काय केला ते सांग. मी म्हणाले, थोडं ट्रेबल कमी केलं, चाचा. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही फायलींचे आकडे स्क्रीनवर बघितले. कानानं नाही, डोळ्यांनी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आवाज डोळ्यांनी बघितला असेल. "थोडं नै," म्हणाले, आणि भिंतीला धरून खाली उतरले.

नंतर डॉक्टरांकडं जाणं झालं, तपासणी झाली, कानाचं मशीन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलणं समजेल, पण गेलेलं परत येणार नाही. चाचा म्हणायचे, मशीननं सगळं डब्यातून बोलल्यासारखं येतं, आणि काढून खिशात ठेवायचे. भोंगे एका मांडववाल्यानं उचलून नेले. बाजारात कन्नडची गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती, पोरं जाता-येता कानावर हात ठेवून दाखवायची. या माणसानं निम्म्या छावणीची लग्नं वाजवलेली. ते दुकानात बसायचेच बंद झाले. माझ्याशी बोलायचे, पण जेवलीस का, बस मिळाली का, एवढंच. मी गाणं हा शब्द काढला की चाची भांडी आवरायला लागायच्या.

आज ते जालन्याला मुलीकडं गेले, कायमचे. टेम्पोत सामान चढवून झालं आणि मी माफी मागितली. मशीन लावलेलं होतं, त्यांनी ऐकलं.

"तू पहिल्याच दिवशी बोलली असती ना," ते म्हणाले, "मी तुझ्यावर लई चिडलो असतो. दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी माझ्या हातानं शटर ओढलं असतं. लोक म्हणले असते, चाचांनी धंदा सोडला." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता लोकांनी सोडवला."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, जसं ताटल्यांमध्ये रद्दी का घालायची ते सांगितलं होतं. चाचींनी मागं वळून बघितलं नाही.

कन्नडनंतर मी एकही गाणं केलेलं नाही. कुणी 'भारी झालंय' म्हटलं की मी त्याच्या तोंडाकडं बघत बसते, हा मला कोणती फाइल देतोय म्हणून. खाली शटर बंद आहे, जिन्यात त्यांच्या वायरी टांगायचे खिळे तेवढे राहिलेत. मी त्यांना दुखवायचं नाही म्हणून गप्प बसले, आणि गावासमोर उभं केलं ते मीच.

तुमचं असं कुणी होतं का, ज्याच्या हातातलं कसब जाताना तुम्हाला दिसलं आणि तुम्ही मस्त, झकास म्हणत राहिलात? की तुमच्यापैकी कुणी वेळेवर सांगितलं? ज्यांनी सांगितलं त्यांनी मला लिहा. पहिलं वाक्य नेमकं काय म्हणालात?