कॅश रिकामी करते

सासरी येऊन मला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर माळशिरसकडचं, उसातलं. तिकडं सासूला आत्या म्हणतात, तेच मी भवानी पेठेतल्या सासरीही चालू ठेवलं. आत्या घरी कडक भाकऱ्या करून विकतात. मी घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते, म्हणून हौसेनं त्यांनाही एक बनवून दिली. भाकरी काही मला थापता येत नव्हती. निदान या वाटेनं तरी त्यांच्या मनात शिरावं, एवढाच माझा डाव होता.

साइट दिसायला झकास, पण उघडायला इतका वेळ घ्यायची की गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. कुणीही पान उघडलं की सर्व्हर फोटो, माहिती, पत्ता गोळा करून ते नव्यानं रचायचा. महिनोन्‌महिने त्यात काना-मात्रा बदललेला नसला तरी. मग मी पानं एकदाच रचून साठवून ठेवायची सोय केली. आमच्या धंद्यात या साठ्याला कॅश म्हणतात. साइट पळायला लागली आणि लगेच घोटाळा झाला. बाजरीची भाकरी संपली तरी साइटवर 'आहे' असंच दिसायला लागलं, कारण लोकांना साठवलेलं जुनं पान मिळत होतं. मी नवऱ्याला फोनवर म्हटलं, "आत्यांना इतक्यात सांगू नकोस. दुपारी त्या झोपल्या की मी सगळी कॅश रिकामी करते."

आत्यांच्या कानावर ते पडलं होतं. त्या दुपारी त्या झोपल्याच नाहीत.

संध्याकाळी पाहते तर गल्ल्याची किल्ली नेहमीच्या खिळ्यावरून गेलेली, आत्यांच्या कमरेला खोचलेली. माझ्याशी बोलणं तुटक. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कॅश रिकामी करनार व्हतीस न्हवं? कर की. माज्यासमोर कर."

मला हसू आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला. मी तशी तापटच. पण खरं सांगायचं तर राग वरवरचा होता, आत फार लागलं होतं. इतके महिने या घरात वावरून मी अजून परकीच होते.

"आत्या, गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही पीठ मळायला घेता का?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"येडी का काय! करून ठिवलेल्या असत्यात की."

"मग साइटचंही तेच. ती येईल त्याच्यासाठी नव्यानं पीठ मळत बसायची. मी पानं करून ठेवली. त्या साठ्याला कॅश म्हणतात. पैसे नव्हेत."

त्या तव्याकडं बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "साकु, साकु. कळलं मला." साकु म्हणजे पुरे. अक्कलकोटच्या माहेरची कानडी त्यांच्या तोंडी येते ती फक्त लाजल्यावर. सकाळी किल्ली खिळ्यावर होती.

पुढं एका दुपारी आम्ही दोघी साइट घेऊन बसलो. काय शिल्लक आहे, हे दर वेळी नवं दाखवायचं. बाकीचं साठवायचं आणि काही बदललं तर तेवढंच पान पुसून पुन्हा रचायचं. शेवटी 'आमच्या घरची माणसं' हे पान आलं. त्यावर आत्या, सासरे आणि माझा नवरा. सून म्हणून स्वतःला तिथं घालायचा मला धीर झाला नव्हता.

"हे वर्षभरासाठी ठेवते," मी म्हटलं. "यात काही बदलायचं नाही ना?"

"वर्सभर?" आत्या पुढं सरकल्या. "मग थांब. आदी तुजं नाव घाल."

"मला कुठं भाकरी येते, आत्या?"

"न येऊ दे की. घरची हाईस न्हवं?"

मला रडूच आलं. डोळ्यांपुढं अक्षरं हलायला लागली आणि स्वतःच्याच नावाची वेलांटी चुकली. आत्या चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"नीट लिही गं," त्या म्हणाल्या. "लई दिस ऱ्हायचंय त्याला."