साखर कमी, आंबील जास्त

ऐंशीच्या दशकात मी सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. उसाच्या रसातली साखर मोजायची, हेच काम. बायको वनस्पतिशास्त्र शिकलेली. कारखान्याच्याच एका खोलीत ती बाटल्यांत उसाची रोपं वाढवायची. आपल्या हौसेसाठी तिनं काही बाटल्यांत ऑर्किडही लावलं होतं. आमच्या बांधावरच्या आंब्यावर ते उगवायचं आणि बांडगूळ समजून सगळे तोडायचे. त्याच्या शेंगेतलं धुळीसारखं बी तिनं साखरेच्या जेलीत पेरलं.

बाटलीत रोपं टवटवीत दिसत, बाहेर काढली की माना टाकत. दोन खेपा अशाच गेल्या. त्यात दुष्काळानं आंब्यावरचं मूळ ऑर्किडही वाळलं. उरलेल्या बाटल्या तिनं घरी आणल्या. त्याही गेल्या असत्या तर ते ऑर्किड आमच्याकडून कायमचं गेलं असतं.

आई म्हणाली, "आयत्या साखरंवर वाढल्यालं लेकरू, भाईर कसं तगंल?"

"अहो, आई बरोबर बोलल्या," बायको मला म्हणाली. "आयती साखर मिळते म्हणून पानं स्वतःचं अन्न करत नाहीत. साखर निम्मी करते. पण अन्न करायला कार्बन डायऑक्साइड लागेल, तो कुठून आणू?"

येळवस, म्हणजे शेतात नैवेद्य दाखवायची मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, जवळ आली होती. आईनं ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील आंबत ठेवली होती. मडक्यात बुडबुडे येत होते. तोच वायू!

वायू आत जावा म्हणून कापसाची बुचं लावून निम्म्या बाटल्या खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मडक्याशेजारी ठेवल्या, निम्म्या बाहेर. साखर दोन्हीकडं सारखीच हवी, हा माझा हट्ट. नाहीतर गुण कशाचा ते कसं कळणार?

"देवाची आंबील हाय ती! रोपांनी पिली तर?"

"पीत नाहीत गं, नुसता वास घेतात."

"वास घेतला म्हंजे नैवेद्य उष्टा झाला की!"

शेवटी आईनंच तोडगा काढला: देवाचं मडकं चुलीपाशी, रोपांचं कपाटात. येळवस झाली तरी तिनं कपाटातलं मडकं बंद केलं नाही. जुनी आंबील आम्ही प्यायचो, नवी आत जायची.

पावसाळ्यापर्यंत कपाटातली रोपं गर्द हिरवी, जाड मुळांची झाली; बाहेरची फिकट राहिली. सगळी आंब्याच्या सालीवर काथ्यानं बांधली. फिकट गेली. हिरव्यांतली बहुतेक जगली.

पुढच्या येळवशीला आईनं पुन्हा दोन मडकी लावली.

"अगं, रोपं आता झाडावर आहेत."

"ती ऱ्हाऊ दे. तुला आंबिलीची सवय लागलीया न्हवं?"